अध्यक्षांची चौकट

गणपतरावांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "ह्यो आकाराम माझ्या डोस्क्यावर कसा काय बसलाय?"

"आबा, ते आकारामतात्या न्हाईत," बसवेश म्हणाला. "ती 'ताज्या प्रतिक्रिया'ची चौकट हाय."

"चौकट कुणाची?"

"तात्यांची."

"मग आकारामच की!"

हा घोळ बसवेशनंच स्वतःच्या हातानं घातला होता. गणपतराव हे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या वीरकेतू तालीम मंडळाचे अध्यक्ष. तालमीच्या आखाड्यात माती कमी आणि कॅरमचे बोर्ड जास्त झाले होते, पण फुटबॉलचा संघ मात्र जोरात होता, आणि २००९ साली तालमीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. शेजारच्या तालमीनं वेबसाइट काढली हे कळल्यावर आपणही काढायची, एवढा एक ठराव बिनबोभाट झाला. वेबसाइट म्हणजे काय हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती.

हे काम मिळालं बसवेशला. तो मूळचा मुरगूडचा. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि तेवढ्यावर स्वतःला संगणकतज्ज्ञ म्हणवत होता. ठरलं असं, की बसवेशनं तालमीची वेबसाइट सांभाळायची आणि त्याबदल्यात तालमीच्या माडीवरची खोली वापरायची. त्या खोलीत त्यानं दोन कॉम्प्युटर, एक फिरती खुर्ची आणि काचेवर नाव असं सगळं थाटलं. उचगावच्या शिवलीलाशी त्याचं लग्न ठरलं होतं, ते 'मुलाचं पेठेत ऑफिस आहे' या एकाच गुणावर. दुसरा गुण मुलीच्या बापानं विचारला नव्हता आणि बसवेशनंही आपणहून सांगितला नव्हता. म्हणजे खोली गेली तर ऑफिस जाणार होतं आणि ऑफिस गेलं तर शिवलीला.

वेबसाइटची एक बाजू लोकांना दिसते आणि एक आतली. आपापलं नाव आणि पासवर्ड टाकून आत गेलं की जे पहिलं पान उघडतं त्याला डॅशबोर्ड म्हणतात. तिथं पाच-सहा चौकटी असतात. एकीत बातम्या किती झाल्या त्याचा आकडा, एकीत लोकांच्या प्रतिक्रिया, एकीत झटपट बातमी लिहायची जागा. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. शिकवणीच्या दिवशी बसवेशनं हे पान उघडलं, तेव्हा तिघेही पदाधिकारी हजर होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो हा, की यातलं कुणाचं कुठलं?

शहाण्या माणसानं सांगितलं असतं की कुणाचंच नाही. बसवेशला जेवायला जायचं होतं. त्यानं पटकन वाटण्या करून टाकल्या. आकड्यांची चौकट अध्यक्ष गणपतरावांची, झटपट बातमीची उपाध्यक्ष सिद्धराम अण्णांची आणि प्रतिक्रियांची सचिव आकारामतात्यांची. वर शहाणपणा म्हणून प्रत्येक चौकटीच्या मथळ्यात त्याचं त्याचं नावही घातलं. तिघे खूश होऊन गेले. चौकटीत काय करायचं असतं, हे एकानंही विचारलं नाही.

पेठेत ज्यानं चार वर्षं काढली आहेत त्याला असली चूक करायचं धाडस झालं नसतं. इथं चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुठं, हे ठरवायला तीन बैठका होतात. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या फ्लेक्सवर सिद्धराम अण्णांचा फोटो अध्यक्षांच्या फोटोपेक्षा दोन बोटं मोठा निघाला, तर छपाईवाल्याला फोटो मोजून दाखवायला पट्टी घेऊन चौकात यावं लागलं होतं. मुरगूडच्या पोराला हे काय माहीत!

"खाली घे त्याला," गणपतराव म्हणाले.

बसवेशनं माऊसनं आकारामतात्यांची चौकट ओढून तळाला टाकली. त्याबरोबर तिच्याखालची चौकट सरकून वर आली. ती सिद्धराम अण्णांची होती.

"आता ह्यो आला व्हय वर!" गणपतराव उठून उभे राहिले. "हे बघ बसवेश, मला ओढाओढी नगो. आज तू खाली घेशील, उद्या कोन तरी वर घेईल. दोघांला बी काढून टाक."

"आबा, माऊसनं निघत न्हाय ते," बसवेश म्हणाला. त्याची तशी प्रामाणिक समजूत होती. "कोड लिवाय लागतोय त्याला."

"मग लिव की! खोली कशाला दिलीया तुला?"

खोलीचं नाव निघालं की बसवेशची बुद्धी चालायची बंद व्हायची आणि बोटं चालू व्हायची. त्यानं दोन दिवस इंटरनेटवर शोधाशोध केली, परदेशातल्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोड उचलला, तो वेबसाइटच्या एका फाइलीत तळाशी चिकटवला आणि पान उघडून बघितलं. सगळ्या चौकटी गेल्या होत्या. उरली होती फक्त एक, अध्यक्षांची. एवढ्या मोठ्या कोऱ्या पानावर 'एकूण बातम्या : ३१' असा आकडा आणि वर गणपतरावांचं नाव. गणपतरावांनी ते बघितलं आणि छाती फुगवून म्हणाले, "आता कसं तालमीची वेबसाइट वाटाय लागली!"

कोडचा स्वभाव असा, की तो माणसं बघत नाही. त्यानं अध्यक्षांच्या पानावरच्या चौकटी काढल्या तशा सगळ्यांच्याच पानावरच्या काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आकारामतात्या चपला न काढता माडीवर आले.

"मला सचिवपदावरनं कवा काढलं?"

"तात्या, कुणी काढलं तुम्हाला?"

"मी पुतण्याच्या दुकानात बसून पान उघडलं. माझी चौकट न्हाय! त्या गणप्याची तेवढी हाय. सर्वसाधारण सभा घेटली? नोटीस काढली? पंधरा दिवस आधी नोटीस लागती, घटनेत लिवलंय! माणसाला असं गुपचूप काढत्यात व्हय?"

"तात्या, चौकट काढली म्हणजे पद काढलं असं न्हवं."

"मग पद कुठं दिसतंय दाखव मला!"

हा प्रश्न वाटतो तेवढा मूर्खपणाचा नव्हता. गेल्या अकरा वर्षांत आकारामतात्यांचं सचिवपद फ्लेक्स सोडून कुठंच दिसलेलं नव्हतं. सभेची पत्रं, संघाची नावनोंदणी, मॅचच्या बातम्या, सगळं रशिदा मुजावर नावाची मुलगी खालच्या कचेरीत बसून लिहायची. तिचे वडील शमशुद्दीनचाचा एके काळी तालमीचे गोलकीपर होते. रशिदानं लिहिलेल्या कागदावर तात्या सही करायचे, तीही चष्मा सापडला तर. पण सहीचा दरारा असतोच. "तुझ्या खोलीच्या ठरावाखाली सही माझी हाय," ते जाताना म्हणाले. "जी करता येती ती खोडता बी येती." मग त्यांनी कचेरीतली इतिवृत्ताची वही काखोटीला मारली आणि घरी नेऊन ठेवली.

दुपारी सिद्धराम अण्णा आले. अण्णांचं खताचं दुकान होतं आणि आवाज त्या मानानं फारच बारीक. ते रागावले की आणखी बारीक बोलायचे. आपल्याहून लहान कुणालाही ते कानडीतल्या 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, या नावानं हाक मारायचे.

"काय रे तम्मा," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "माझी चौकट कुठं गेली?"

"अण्णा, ते आबांनी सांगितलं म्हणून..."

"आबांनी सांगितलं. बरं. गोलाच्या जाळ्या कुणाच्या गोदामात असतात?"

"तुमच्या."

"फुटबॉल कुणाच्या गोदामात?"

"तुमच्याच, अण्णा."

"गोदामाला आजपास्नं कुलूप हाय म्हणून सांग आबांना. चौकटीत बॉल घालून खेळा म्हणावं." असं म्हणून अण्णा शांतपणे जिना उतरले.

त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. स्पर्धा तोंडावर आलेली आणि वीरकेतूचे अकरा खेळाडू मैदानात नुसते पळत होते, कारण मारायला चेंडूच नव्हता. शेजारच्या तालमीची पोरं कठड्यावर बसून ही मजा बघत होती आणि 'चेंडूविना फुटबॉल' म्हणून शिट्ट्या मारत होती. तीन प्रौढ, नातवंडं असलेले गृहस्थ एका आतल्या पानावरच्या बोटभर चौकटीसाठी संघ मातीत घालायला निघाले होते, आणि पेठेत याचं कुणालाही विशेष वाटत नव्हतं. उलट तिघांचेही आपापले पाठीराखे तयार झाले. पानाच्या दुकानापाशी चर्चा अशी चालली होती, जणू चौकट म्हणजे जहागीर आहे.

बसवेश घाबरला. गणपतरावांची चौकट ठेवली तर तात्या ठराव खोडणार. तात्यांची परत आणली तर गणपतराव खोलीला कुलूप घालणार. तिघांच्याही ठेवल्या तर कुणाची वर, यावरून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यातच उचगावहून निरोप आला, की पुढच्या महिन्यात शिवलीलाचे वडील ऑफिस बघायला येणार आहेत. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण बसवेशच्या चारी बाजूंना विहिरीच होत्या.

अशा वेळी माणसाला एक तर देव सुचतो नाही तर लबाडी. बसवेशला लबाडी सुचली. कोडला माणसं कळत नाहीत हे खरं, पण शिकवली तर कळतात. त्यानं उचललेल्या कोडच्या चार ओळींच्या चाळीस ओळी केल्या. आत कोण आलंय ते आधी बघायचं. गणपतराव आले तर बाकी सगळं काढून त्यांची एकच चौकट ठेवायची. तात्या आले तर तात्यांची, अण्णा आले तर अण्णांची. या चाळीस ओळी जमवायला त्याला तीन आठवडे लागले. मग त्यानं तिघांना वेगवेगळ्या दिवशी माडीवर बोलावलं, दार लावून घेतलं आणि प्रत्येकाच्या नावानं पान उघडून दाखवलं.

"तात्या, बघा. तुमची एकट्याची ठेवलीया. बाकीच्या दोघांच्या काढून टाकल्या. पर कुठं बोलू नका, वाद व्हईल."

"गणप्याची बी काढलीस?" तात्यांनी तीनदा विचारलं.

"दिसतीया का कुठं?"

तात्यांनी पान वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बसवेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गुणाचा हायस." संध्याकाळी इतिवृत्ताची वही कचेरीत परत आली.

अण्णांनीही पान बघितलं, हुंकार भरला आणि गोदाम उघडलं. गणपतरावांना काही नवीन दाखवायचंच नव्हतं. त्यांना फक्त सांगितलं, की ते दोघं पुन्हा चौकट मागायला आले होते आणि बसवेशनं दिली नाही.

आणि तालमीत शांतता नांदायला लागली. नुसती शांतता नाही, प्रेम! प्रत्येकाला वाटत होतं की उरलेले दोघे पुसले गेले आहेत आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. जिंकलेल्या माणसाचा मोठेपणा काय वर्णावा! बैठकीत गणपतराव म्हणाले, "आधी आकाराम बोलू दे." आकारामतात्या म्हणाले, "छ्या, अण्णा वडील हाईत." अण्णा म्हणाले, "अध्यक्ष असताना मी कसा बोलू?" अर्धा तास हाच आग्रह चालला. चहा आला तेव्हा तिघांनी एकमेकांना बशा पुढं केल्या. रशिदा कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होती. तिनं मान वर करून या तिघांकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

ही दया पचली असती तर ती माणसं कसली! अमृतमहोत्सवाचा कार्यक्रम ठरला. त्यात वेबसाइटचं लोकार्पण ठेवलं. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त हेडमास्तर येणार होते. बसवेशनं ठरवलं होतं की भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा, लोकांना बाहेरची वेबसाइट दाखवायची, टाळ्या घ्यायच्या आणि बंद करायचं. पण कार्यक्रमाच्या आधी तिघेही त्याला वेगवेगळे गाठून गेले, आणि तिघांनीही एकच सांगितलं.

"भाईरचं दाखवून काय करतोस? फोटूच हाईत नुसतं," गणपतराव म्हणाले. "आतलं पान दाखव. लोकांला कळू दे मालक कोन ते."

"आतलं उघड," तात्या कानाशी लागले. "गणप्याचं तोंड बघायचंय मला."

"आतलं दाखवशील न्हवं तम्मा?" अण्णांनी बारीक आवाजात विचारलं. "जाळ्या नव्या आणल्यात मी."

बसवेशनं तिघांनाही 'बघतो' म्हणून सांगितलं. मनात त्यानं पक्कं केलं होतं की आतलं पान जन्मात उघडायचं नाही.

कार्यक्रमाला मंडप भरला. हलगी वाजली, नारळ फुटला, फेटे बांधले गेले. हेडमास्तरांनी बटण दाबलं आणि भिंतीवर वेबसाइट उमटली. जुन्या खेळाडूंचे फोटो बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या. शमशुद्दीनचाचांचा उडी मारतानाचा फोटो आला तेव्हा मागची म्हातारी मंडळी उभी राहिली. बसवेश आता बंद करणार, एवढ्यात गणपतरावांनी माइक हातात घेतला.

"पावणं, हे झालं भाईरचं! आता आमचा बसवेश तुम्हाला आतलं दाखवंल. बसवेश, उघड!"

"आबा, नेट हळू चाललंय..."

"उघड म्हणतोय न्हवं!"

"उघड की!" तात्या ओरडले. अण्णांनीही मान हलवली. तिघांच्याही तोंडावर एकच हसू होतं.

कॉम्प्युटर बसवेशचा स्वतःचा होता, त्यात पासवर्डही त्याचाच साठवलेला होता. बटण दाबताच पान उघडलं ते बसवेशच्या नावानं. आणि बसवेशच्या पानावरून काही काढायचं त्याला सुचलंच नव्हतं. लोकांचं काढता काढता माणूस स्वतःच्या घरचं आवरायचं विसरतो. भिंतीवर पुरुषभर उंचीच्या सगळ्या चौकटी उभ्या राहिल्या. वर आकारामतात्या, मध्ये सिद्धराम अण्णा आणि सगळ्यात खाली, टेबलाच्या सावलीत अर्धवट झाकलेले, गणपतराव.

मंडपातल्या लोकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर मात्र तीन फेटे एकदम भिंतीकडे वळले, मग एकमेकांकडे वळले आणि शेवटी बसवेशकडे.

"हे दोघं हाईत अजून?" तात्यांनी विचारलं.

"म्हणजे माझी एकट्याची नव्हती व्हय?" अण्णांचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नाही.

गणपतराव माइक बंद करायला विसरले होते. त्यामुळे "आयला, तिघांला बी फसवलंय ह्यानं!" हे वाक्य साऱ्या पेठेनं ऐकलं. हेडमास्तरांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. ते हसले.

त्याच संध्याकाळी खालच्या कचेरीत तातडीची बैठक झाली. वेबसाइटचा ठराव सोडला तर अकरा वर्षांत प्रथमच तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. ठराव तिघांनी मिळून सांगितला आणि रशिदानं वहीत लिहून घेतला. 'बसवेश यांनी पदाधिकाऱ्यांची दिशाभूल केल्यामुळे त्यांच्याकडून माडीवरील खोली आठ दिवसांत काढून घेण्यात यावी.' सह्या उद्या करू, म्हणून तिघे जेवायला गेले. बसवेश माडीवर बसून राहिला. काचेवरचं नाव कसं खरवडायचं, आणि उचगावला काय सांगायचं, एवढंच तो घोकत होता. त्यानं शिवलीलाला फोन लावला आणि तिनं उचलायच्या आत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तात्या होते. त्यांनी आत येऊन कडी लावली.

"पान उघड."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या."

बसवेशनं उघडलं. कोड आपलं काम करत होता. पानावर एकट्या आकारामतात्यांची चौकट होती.

तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे ते कालचं भिंतीवरचं..." ते पुढं वाकले. "ते त्या दोघांच्या समाधानासाठी केलंस व्हय रं?"

बसवेशनं लगेच मान डोलावली.

"मला वाटलंच!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "चार लोकांत त्यांची अब्रू ऱ्हायला पायजे म्हणून दाखवलंस. हुशार हायस. मी सही करत न्हाय ठरावावर, जा. पर त्यांना बोलू नगं."

अकरा वाजता अण्णा आले. त्यांनीही पान उघडायला सांगितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "भिंतीवरचं खोटं, हे खरं. व्हय न्हवं तम्मा?" दुपारी गणपतराव आले, तर त्यांना पान बघायचीही गरज वाटली नाही. "मला मुद्दाम खाली टाकलंस काल, म्हणजे त्या दोघांला संशय येऊ न्हाई," ते म्हणाले. "समजतंय मला सगळं. अध्यक्ष हाय मी."

डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं, सगळ्या पेठेसमोर भिंतीवर उमटलेलं, सगळं सगळं खोटं, आणि बंद दाराआड आपलं नाव एकटं दिसतं तेवढं खरं! माणसाला फसवायला दुसऱ्या कुणाची गरज नसते हेच खरं. बसवेशनं फक्त पाट मांडला होता. जेवायला हे तिघे आपल्या पायानं आले होते.

चार वाजता रशिदा वही घेऊन माडीवर आली. "तिघांनी बी सही केलेली न्हाय," ती म्हणाली. "तिघं बी म्हणत्यात, आदी त्या दोघांच्या घे. म्हणजे ठराव गेला. तुझी खोली ऱ्हायली."

बसवेश फिरत्या खुर्चीत मागं रेलला. संकट टळलं की माणसाला लगेच आपण शूर असल्यासारखं वाटायला लागतं. "चाळीस ओळींचा कोड हाय, रशिदा," तो म्हणाला. "कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमायचा न्हाय. तुझ्या पानावर काय गडबड झालीया का बघू. तुझ्यासाठी काय लिवलं न्हवतं मी, तुला सगळ्या चौकटी दिसत असतील. त्रास हुतो का?"

"कसल्या चौकटी?" रशिदा म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि आपलं नाव टाकून पान उघडलं. पान कोरं होतं. एक चौकट नव्हती.

बसवेश ताडकन उठला. "हे कसं झालं? कोड चुकला का काय?"

"कोड कशाला लागतोय?" रशिदानं पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर माऊस नेला. तिथं 'स्क्रीन ऑप्शन्स' असं लिहिलेलं होतं. तिनं ते दाबलं. एक पट्टी खाली उघडली. तीत सगळ्या चौकटींची नावं ओळीनं होती आणि प्रत्येकापुढं टिक करायची जागा. "हितली टिक काढली की चौकट जाती. टिक केली की येती. मी पहिल्याच दिवशी सगळ्या काढून टाकल्या. कामात मधी मधी यायच्या."

ते पान बसवेश सात महिने रोज बघत होता. तो कोपरा त्यानं एकदाही दाबला नव्हता. परदेशातल्या माणसाचा कोड शोधायला दोन दिवस, चाळीस ओळी जमवायला तीन आठवडे, आणि ही तालमीच्या कचेरीत पत्रं लिहिणारी मुलगी ते काम दहा सेकंदांत करून मोकळी झाली होती. नाव संगणकतज्ज्ञ आणि डोळ्यांपुढं अंधार! त्याला इतकी लाज वाटली की तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"सांगितलं का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"कुणी इचारलं?"

मग लाजेच्या जागी भीती आली. त्या तिघांना जर कळलं, की ही करामत ज्याची त्याला माऊसनं करता येते, तर बसवेशची गरज काय, आणि खोली तरी कशाला? त्यानं पुढं होऊन दार ओढून घेतलं.

"रशिदा, हे त्यांना..."

"मी कशाला सांगू?" रशिदा म्हणाली. वही मिटून ती उठली आणि दारापाशी थांबली. "माझं एक काम हाय."

"बोल की."

"दोन हंगाम झालं, मॅचच्या बातम्या मी लिवतो. उन्हात उभा ऱ्हाऊन लिवतो. पेपरवाले बी त्यातलंच उचलत्यात. खाली काय येतंय? 'प्रसिद्धी विभाग.' कुठाय विभाग? माझं नाव घाल."

"एवढंच व्हय!" बसवेशला केवढं तरी हलकं वाटलं. "आत्ता घालतो. तुझ्या नावाची चौकट करतो, सगळ्यात वर. तिघांच्या बी वर!"

"चौकट नगो मला," रशिदा म्हणाली. "चौकट आत असती. भाईर घाल, बातमीच्या खाली. लोकं वाचत्यात तिथं."

"भाईर?" बसवेश पुन्हा घाबरला. "आगं, आबा बघतील, तात्या बघतील. मग माझी काय खैर ऱ्हाती?"

"बघू दे त्यांना," रशिदा म्हणाली आणि जिना उतरून गेली.

रविवारी वीरकेतूनं सामना दोन-एकनं जिंकला. संध्याकाळी बातमी लागली, आणि खाली ठळक अक्षरांत नाव : रशिदा शमशुद्दीन मुजावर. दुबईत गेलेल्या पेठेतल्या पोरांनी ती वाचली, पुण्यातल्यांनी वाचली, शेजारच्या तालमीनं तर जळत जळत दोनदा वाचली. शमशुद्दीनचाचांनी ते पान छापून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. बसवेश सोमवारी सकाळपासून जिन्याच्या आवाजाकडे कान लावून बसला होता.

दहा वाजता गणपतराव आले. त्यांनी आतलं पान उघडायला लावलं, आपली चौकट जागेवर आहे हे बघितलं आणि गेले. मग तात्या आले, बघून गेले. मग अण्णा. बातमीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढं शिवलीलाच्या वडिलांनी ऑफिस बघून मान डोलावली, हंगाम संपला, बसवेशचं लग्न झालं, आणि रशिदाचं नाव दर रविवारी बाहेर झळकत राहिलं. ते बाहेरचं बातम्यांचं पान त्या तिघांपैकी एकानंही आजवर उघडलेलं नाही.